गाड्या खाली आणा

तांबी नदी दर दोन-तीन वर्षांनी तांबेश्वर शहरात शिरायची आणि पाणी ओसरलं की शहर तिला विसरून जायचं. नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पेठांच्या पलीकडे उपनगरं उभी राहिली, चौकाचौकांत उड्डाणपूल आले, पण ही विसरायची सवय काही सुटली नाही. शेवटी एका वर्षी पाणी टेकडीखालच्या बंगल्यांत घुसलं, तेव्हा मात्र तोडगा झटपट निघाला. गरिबाच्या घरात पाणी शिरलं की ती आपत्ती असते. मोठ्याच्या घरात शिरलं की त्याचा प्रकल्प होतो.

तोडगा म्हणजे शहराच्या पोटातून काढलेला दुमजली बोगदा. खालच्या मजल्यावरून पाणी, वरच्या मजल्यावरून गाड्या. साधा पाऊस असला की दोघं आपापल्या मजल्यावर सुखाने नांदायची. पाऊस हाताबाहेर गेला की वरच्या मजल्यावरच्या गाड्या बाहेर काढायच्या, दोन्ही तोंडांची लोखंडी दारं लावायची आणि अख्खा बोगदा नदीला देऊन टाकायचा. शिवाय जमिनीवरचे काही रस्ते मुद्दाम परातीसारखे खोलगट बांधले होते. वेळ आली की त्यांच्या पदपथांतून कमरेएवढ्या पोलादी भिंती वर यायच्या आणि बघता बघता रस्त्याचा कालवा व्हायचा. हे कालवे पाणी न्यायचे साठवणीच्या जागांमध्ये, म्हणजे मैदानं, बागा आणि, अगदीच गत्यंतर नसेल तर, सखल वस्त्या.

कोणता रस्ता कधी पाण्याला द्यायचा आणि कधी गाड्यांना, हे ठरवणं माणसाच्या आवाक्यातलं उरलं नव्हतं. त्यासाठी एक शिकणारं यंत्र होतं. ढगांचे रडार, नदीतली मापकं आणि शहरातल्या प्रत्येक वाहनाच्या काचेवरचा टॅग या तिन्हींवर नजर ठेवून ते क्षणाक्षणाला निर्णय घ्यायचं. शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात, म्हणून यंत्राचं नावही पाटकरी पडलं.

या पाटकऱ्यावर देखरेख करणारी अभियंता होती ऋतुजा मल्लाव. नदीकाठच्या भोईवाड्यातली, टेम्पोवाल्या विलास मल्लावांची थोरली मुलगी. भोईवाडा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणारी, मासे धरणारी माणसं. पूल झाला तशा नावा गेल्या आणि त्यांच्या जागी रिक्षा, टेम्पो आले. वाडा मात्र होता तिथेच राहिला, नदीच्या कुशीत, खोलगटात. साहजिकच साठवणीच्या यादीत त्याचं नाव आलं आणि वाड्याने नको म्हणून सांगितलं. तेव्हा ऋतुजा स्वतः मारुतीच्या पारावर उभी राहिली होती. "आत एकही माणूस असेल तर इथे पाणी सोडलं जाणार नाही. हा माझा शब्द," ती म्हणाली. पोरगी घरचीच, शिकलेली, तीच यंत्राची मालकीण. वाड्याने माना डोलावल्या आणि रस्ता परातीसारखा करून घेतला.

त्या गोष्टीला तीन पावसाळे झाले. चौथ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, धरणांची दारं उघडली आणि वरून पाऊसही थांबेना. नियंत्रण कक्षातल्या भिंतभर नकाशावर नदी निळी होत होत जांभळी झाली. बोगद्याचा खालचा मजला काठोकाठ भरला. ऋतुजाला वाटलं, आता पाटकरी वरचा मजला रिकामा करायला सांगणार. पाटकऱ्याने सांगितलं भलतंच.

"साठवण, भोईवाडा," यंत्राचा तो नेहमीचा सौजन्यपूर्ण आवाज आला. "वस्ती रिकामी. बोगद्यात वाहतूक चालू. पाणरस्ता तयार करत आहे."

ऋतुजाला आधी हसूच आलं. भोईवाडा, आणि रिकामा? आजच्या दिवशी?

बाहेरच्याला कळायचं नाही, पण पुराच्या दिवशी भोईवाडा रिकामा होत नाही, भरतो. नदी दारात आली म्हणजे माहेरवाशीण आली. तिची ओटी भरायची असते. खण, नारळ, हळदकुंकू घेऊन बायका घाटाच्या वरच्या पायरीवर जमतात. शहरात दिलेल्या लेकीसुद्धा त्या दिवशी येतात. पुरुषांचं काम एकच. पहाटेच रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली खंडोबाच्या माळावर चढवून ठेवायच्या आणि भिजत, चालत घरी परत यायचं. वाड्यातली बहुतेक घरं गच्चीची झाली होती. तांबी चढते ती पायरी-पायरीने, आधी कळवून. तिच्यापासून कसं वाचायचं हे त्यांना ठाऊक होतं. बांधलेल्या रस्त्यातून एकदम अंगावर येणाऱ्या लोंढ्यापासून कसं वाचायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचं हसू विरलं ते तेव्हाच. पाटकऱ्याची चूक तिला एका क्षणात दिसली. लोकांच्या फोनवरून त्यांचा माग काढायला कायद्याने बंदी होती, आणि ती योग्यच होती. कॅमेरे असल्या पावसात आंधळे. म्हणून पाटकऱ्याला माणसं ओळखायला शिकवलं होतं ते गाड्यांवरून. दुसऱ्या शहरांतल्या पुरांची माहिती त्याला घोटून पाजली होती. तिथे इशारा मिळाला की लोक गाडीत बसतात आणि निघून जातात. गाडी गेली म्हणजे माणूस गेला, हे त्याने पक्कं डोक्यात घेतलं होतं. गाडी वर ठेवून माणूस पायी परत येतो, असली उलटी रीत त्याला कुणी दाखवलीच नव्हती. तिनेही नाही. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट यंत्राला सांगायची असते, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

तिने वडिलांना फोन लावला. "तात्या, घरात कोण कोण आहे?"

"सगळीच हाईत की. तुझी आत्या आलीय. शेजारच्या गोदाक्काच्या तिन्ही लेकी आल्यात. तू बी आली असतीस तर बरं झालं असतं. ओटी भराय तुझ्या आईच्या जागी कोन न्हाई."

"फोन जवळ ठेवा," एवढंच म्हणून ऋतुजा उठली आणि शेजारच्या केबिनमध्ये शिरली.

तिथे मुख्य अभियंता जयसिंह निकम बसले होते. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"साहेब, भोईवाडा रिकामा नाहीये. चारशे घरं आहेत, सगळी भरलेली."

"पाटकरी तर रिकामा म्हणतोय."

"पाटकऱ्याला गाड्या दिसतात, माणसं दिसत नाहीत. मी आत्ता वडिलांशी बोलले. हाताने निर्णय घ्यावा लागेल. माझी किल्ली मी लावते, तुमची लावा. बोगदा बंद करू."

पाटकऱ्याच्या निर्णयात ढवळाढवळ करायची तर दोन किल्ल्या लागायच्या, एक तिची आणि एक निकमांची. निकमांनी स्वतःच्या गळ्यातल्या किल्लीला हात लावला आणि काढून घेतला.

"बोगद्यात या घडीला किती गाड्या आहेत, बघितलंस? तो बंद केला की अख्खं शहर तुंबणार. गाळ उपसायला महिना जाणार. एका फोनवर?"

"चारशे घरांवर, साहेब."

"ऋतुजा, नीट ऐक." निकमांनी आवाज खाली आणला. "पाटकऱ्याने केलं तर तो प्रणालीचा निर्णय. आपण हात घातला तर तो आपला. उद्या बोगद्यात काही झालं तर कोर्टात मी उभा राहायचं. मी पोलिसांना सांगतो, ते लोकांना बाहेर काढतील."

"भिंती वर यायला लागल्यात. पोलीस पोचेपर्यंत वाड्याचं तोंड बंद होईल. गोदाक्काला खुर्चीतून उचलायला चार माणसं लागतात. अशा किती गोदाक्का आहेत तिथे!"

"मी प्रयत्न करतो म्हटलं ना."

"म्हणजे यंत्राने बुडवलं तर नियम आणि माणसाने वाचवलं तर नियमभंग! वा रे न्याय!" ऋतुजाचा आवाज चढला. तिला स्वतःचंच नवल वाटलं. सात वर्षांत ती या केबिनमध्ये कधी मोठ्याने बोलली नव्हती. निकमांनी फोन उचलला आणि पोलिसांचा नंबर फिरवायला घेतला. तो सारखा व्यग्र लागत होता.

ती परत नकाशापुढे आली. भोईवाडा हिरवागार दिसत होता. हिरवा म्हणजे रिकामा. हिरवा म्हणजे बुडवायला हरकत नाही. तिला संताप आला, यंत्राचा आणि त्याहून जास्त त्या शांत, प्रसन्न रंगाचा. गाड्याच दिसतात ना तुला? ठीक आहे. गाड्या दाखवते.

"तात्या, गाड्या खाली आणा."

"काय?"

"माळावरच्या सगळ्या. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, जे चाकावर आहे ते. मारुतीपासून घाटापर्यंत रस्त्यावर उभं करा. इंजिनं चालू ठेवा, नाहीतर टॅग बोलत नाहीत."

"पोरी, डोस्कं ठिकान्यावर हाय का? पुरात गाड्या वर न्हेत्यात. खाली कोन आनतं?"

तिने सांगितलं. जमेल तेवढ्या थोडक्यात, जमेल तेवढं खरं. गाड्या गेल्या म्हणजे माणसं गेली असं यंत्र धरून चाललंय, साहेब किल्ली लावत नाहीत, पाणी निघालंय.

मग तात्यांनी विचारलं, "आन् गाड्या बुडाल्या तर?"

नाही बुडणार, असं म्हणणं सोपं होतं. "बुडतील कदाचित," ऋतुजा म्हणाली. "मी खात्री देऊ शकत नाही."

"पारावर हुबी ऱ्हाऊन खात्रीच दिली व्हतीस."

हे तिला लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. "दिली होती. तीच पाळायला बघतेय, तात्या."

तात्यांनी फोन बंद केला नाही, तसाच खिशात टाकला. त्यामुळे पुढचं सगळं तिला ऐकू आलं. तात्यांच्या हाका, माणसांचा गलका, "येडी झाली का पोरगी!" असं कुणीतरी. मग बाबू रिक्षावाल्याचा आवाज, रडवेला. "तात्या, रिक्षा नवी कोरी हाय माझी. अजून हार सुकला न्हाई तिचा."

त्यावर गोदाक्का कडाडली. तिचे पाय गेले होते, पण आवाज शाबूत होता. "रिक्षाला हार घातलास, बाबू. आता आमाला घालनार हाईस व्हय? पळ!"

आणि पावलांचा आवाज झाला. पुष्कळ पावलांचा.

माळावर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ऋतुजा उभीच होती. नकाशावर वाड्याच्या तोंडाशी भिंतींच्या रेषा लांबत चालल्या होत्या. पाण्याची पहिली निळी जीभ रस्त्यात शिरली होती. मग माळावरून एक ठिपका हलला. टॅगचा नंबर वाचायची तिला गरज नव्हती. त्या टेम्पोतूनच ती शाळेत गेली होती, कॉलेजला गेली होती, मुलाखतीलाही गेली होती. ठिपका उतार उतरला, मारुतीपाशी वळला आणि भिंती जिथे एकमेकींना मिळायच्या होत्या, बरोबर त्या जागी आडवा थांबला. त्याच्यामागे दुसरा ठिपका, तिसरा, मग माळावरून ठिपक्यांची रांगच लागली.

निकम धावत बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"लोक घरी आहेत, साहेब. ते सांगतायत."

"तू बोलावलंस त्यांना! प्रणालीची दिशाभूल आहे ही. ते टॅग गोठव. ताबडतोब."

"त्याला दोन किल्ल्या लागतात, साहेब." ऋतुजाने गळ्यातली किल्ली काढली आणि मुठीत धरली. "एक तुमची, एक माझी. मघाशी मी मागितली, तुम्ही दिली नाहीत. आता तुम्ही मागा."

निकम तिच्या मुठीकडे बघत राहिले. मूठ उघडायला ते पुढे झाले नाहीत, हे त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवं.

पाटकऱ्याला दया नव्हती, पण आकडेमोड चोख होती. प्रत्येक गाडीमागे तो माणसं धरत गेला. हिरवा रंग पिवळटला, मग नारिंगी झाला. तोवर पाणी पहिल्या रांगेपर्यंत पोचलं होतं. उघड्या फोनमधून तात्यांच्या टेम्पोचा फाटका आवाज येत होता, आणि तात्या इंजिनाला बैलासारखं चुचकारत होते. "चल माझ्या राजा. बंद नगं पडू. अजून थोडं."

"तात्या, टपावर चढा! पाय घसरला तर..."

"इंजान कोन चालू ठेवील मग?"

तेवढ्यात पाटकरी बोलला. आवाजात यत्किंचित फरक नव्हता. "भोईवाडा, वस्ती आहे. साठवण रद्द. बोगद्याचा वरचा मजला रिकामा करत आहे."

बोगद्यात भोंगे वाजले. लाल दिव्यांनी गाड्यांना बाहेरची वाट दाखवली. लोकांनी हॉर्न बडवले, सरकारच्या नावाने बोटं मोडली, पण बाहेर पडले. एकही आत राहिला नाही. मग दोन्ही दारं बंद झाली आणि तांबी नदी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो रुंद, डांबरी, दिव्यांचा बोगदा भरून वाहिली. भोईवाड्याच्या भिंती जशा वर आल्या होत्या तशा खाली गेल्या. शिरलेलं पाणी घाटाकडे सरकलं.

"पोरी," तात्या म्हणाले, "टेम्पो बंद पडला. बाबूच्या रिक्षात बी पानी गेलं."

"माणसं?"

"मानसं समदी हाईत. घरात जेवन तयार हाय. ओटी भरायची ऱ्हायलीय तेवढी."

ऋतुजाला त्याच संध्याकाळी निलंबित करण्यात आलं. महिनाभर बोगदा बंद राहिला, तेवढा महिनाभर शहर भोईवाड्याच्या नावाने खडे फोडत होतं. ऑफिसला उशीर झाला म्हणून, मुलांची बस चुकली म्हणून. चारशे घरं बुडाली असती तर शहराने दोन दिवस हळहळून तिसऱ्या दिवशी बोगद्यातून गाड्या हाकल्या असत्या, हे कुणी बोललं नाही.

चौकशी समितीपुढे अध्यक्षांनी तिला विचारलं, "आपण प्रणालीला फसवलंत, हे आपल्याला मान्य आहे?"

"नाही," ऋतुजा म्हणाली. "गाड्या खऱ्या होत्या, माणसं खरी होती. खोटं होतं ते 'रिकामी'."

"फसवलं असं लिहून माफी मागितलीत तर कामावर परत घेता येईल."

"तसं लिहिलं तर ते खोटं होईल. आणि माफी मी तुमची कशाला मागू? मी शब्द तुम्हाला नव्हता दिला."

समितीने विचारविनिमय करून एकच सुधारणा सुचवली. यापुढे इशाऱ्याच्या काळात साठवणीच्या जागी उभ्या असलेल्या गाड्या पाटकऱ्याने धरू नयेत. म्हणजे आंधळ्याचा एक डोळा उघडला होता, तोही परत शिवून टाकला. ऋतुजाने ही बातमी जेवताना सांगितली.

तात्यांनी भाकरी मोडली. "हुब्या धरायच्या न्हाईत व्हय? मग फिरत्या ठेवू."

पुढच्या वर्षी, श्रावणातच, धरणांची दारं पुन्हा उघडली. त्या सकाळी खंडोबाच्या माळावर एकही गाडी गेली नाही. मारुतीला वळसा घालून घाटापर्यंत आणि घाटावरून पुन्हा मारुतीपर्यंत, भोईवाड्याच्या रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली भर पावसात गोल फिरत होत्या. जत्रेतला पाळणा फिरावा तशा. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ती पोरंसोरं मागे बसून ओरडत होती. दुरुस्त केलेल्या टेम्पोच्या स्टिअरिंगवर ऋतुजा होती. शेजारच्या सीटवर गोदाक्का होती, कारण तिने चार माणसांना बोलावून स्वतःला उचलून तिथे ठेवून घेतलं होतं. मांडीवर ओटीचं ताट. तात्या मागच्या फळीला धरून उभे होते.

ऋतुजाचा फोन वाजला. निकम होते.

"ऋतुजा, भोईवाड्यात ठिपके फिरतायत."

"दिसतायत ना, साहेब?"

"दिसतायत. पाटकरी गोंधळलाय. रिकामी म्हणतो, पुन्हा वस्ती म्हणतो." निकमांनी कागद पुढे ओढला. "बोगदा बंद करायला तुझ्या जागी आलेल्या मुलाने त्याची किल्ली लावलीय. माझीही हातात आहे. मला फक्त कागदावर लिहायला... आत किती माणसं आहेत?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या बैठकांत, एवढ्या नकाशांपुढे हा प्रश्न निकमांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता. ऋतुजाने वेग कमी केला नाही. तिने फोन गोदाक्कापुढे धरला.

"अक्का, साहेब विचारतायत, घरात कोण कोण आहे?"

गोदाक्काने ताटावरचा पदर सारखा केला आणि घसा खाकरला. "लिवून घ्या, सायेब. घाटाकडनं सुरवात करते. पयलं घर मारत्या लोणाऱ्याचं. मारत्या, त्याची बायको शांती, म्हातारी आई, दोन पोरं, आन् काल बाळंत झालेली सून. बाळाचं नाव अजून ठेवलं न्हाई, पन त्याला बी धरा..."

टेम्पो मारुतीपाशी वळला. गोदाक्का दुसऱ्या घरावर आली. चारशे घरं सांगून होईपर्यंत तिला मधे थांबवायची कुणाची टाप नव्हती.